पंगतीतली गोळी

ऐक शिल्पे, तो फोन आधी उलटा ठेव आणि नुसतं ऐक. मधी एक शब्द बोलायचा न्हाई. माझ्या पोटात मावून न्हाई राहिलं, आणि माझं पोट केवढं हाय ते तुला माहितीये!

तर आमच्या क्लासमध्ये माझ्यासोबत शिकवणाऱ्या सुकन्याचं लग्न. लातूरला. पंगत बसली, मी कोपऱ्यातलं पान धरलं, म्हणजे कुणाचं लक्ष जायचं न्हाई. वाढायला एक उंच पोरगा आला, बाह्या वर केलेल्या, हातात बुंदीची बादली. सुकन्याचा मामेभाऊ, देगलूरचा.

"घ्या की मॅडम."

"नको."

"लाजून राहिल्या का?"

"न्हाई हो, खरंच नको." मी दोन्ही हात पानावर आडवे धरले. तर हा झारा माझ्या बोटांवरच धरून उभा!

"असे हात धरले की वाढपी अजून वाढतो, मॅडम. साकू म्हणा. माझ्या आईचं माहेर बीदरकडचं. कन्नडमध्ये साकू म्हणजे पुरे."

"साकू!"

"वा," म्हणला... आणि तरी झाराभर टाकलीच.

मला लई राग आला. तेवढ्यात कॅल्शियमची वेळ झाली. मी रुमालाआडून गोळी तोंडात टाकली. चघळायची असती ती, सावकाश. वर बघते तर हाच समोर, कमरेवर हात ठेवून.

"अच्छा! आमची बुंदी नको, आणि लपून चॉकलेट?"

"पाहिजे?"

"द्या की!"

दिली. त्यानं ऐटीत चावली, आणि शिल्पे, ते तोंड! भिंत चाटल्यावर होईल तसं. "खडू हाय का हो हे?"

"कॅल्शियम हाय. वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय माझं. गोळ्या जन्मभर खायच्या. अजून काय विचारायचंय?"

मला वाटलं, आता हसंल, न्हाईतर पळंल. तो हळूच उकिडवा बसला. "मग... ही बुंदी खाल्ली तर त्रास होतो?"

"जास्त गोड झालं की छाती धडधडती. घाम फुटतो."

त्यानं माझ्या पानावरची बुंदी उचलली आणि स्वतःच्या तोंडात टाकली. भर पंगतीत. माझ्या पानातली, उष्टी! आणि वर मलाच म्हणतो, "राघवेंद्र. तुमचं नाव?"

"सौदामिनी. घरात मिनी म्हणतात."

एकशे अठरा किलोची होते तेव्हा हेच नाव ऐकून लोक तोंड दाबून हसायचे. हा हसला न्हाई. नुसता बघत राहिला... आणि इथं माझी छाती धडधडून राहिली, बुंदी न खाता.

मग काय! हा लातूरलाच डाळ मिलच्या मशिनी दुरुस्त करतो. क्लास सुटला की गेटवर हजर. शर्टाला तुरीच्या डाळीचा वास, भुवयांवर पिवळी धूळ. एका प्लेट इडलीत दोघं बसायचो. मी अर्धी खायची, बाकी तो. "मिनी, तू उतरलीस आणि मी चढून राहिलो," म्हणायचा पोटावर हात फिरवत. चहाच्या गाड्यावर तर कहरच. चहावाल्याला ओरडून सांगायचा, "मॅडमचा आत्ता नको, आत्ताच लोहाची गोळी घेतलीय, चहानं वाया जाती!"

"अरे गावभर सांग!"

"सांगू का?" म्हणायचा, डोळे मिचकावत.

मग मी नांदेडला घरी आले होते, तेव्हा हा मागं मागं आला. विष्णुपुरीला गेलो. धरणाचे दरवाजे उघडलेले, तुषार उडून गालावर येऊन राहिले होते. पाण्याचा आवाज असा, की बोलायचं तर जवळच यावं लागतं.

"मिनी... आमच्या घरी येशील?"

"पाहुणी म्हणून?"

"न्हाई... कायमची."

मी काय सांगू तुला! हाव म्हणणारच होते, तेवढ्यात हा म्हणतो, "पण... आईला ऑपरेशनचं आत्ता नको सांगू. लग्न झाल्यावर सांगू, हळूहळू."

अंगावरचं पाणी एकदम गार लागलं.

कारण माझी आई हेच करून राहिलीय ना दोन वर्षं! सगळ्यांना सांगती, सकाळी फिरून आणि जिऱ्याचं पाणी पिऊन उतरलं. मी नांदेडला गेले की माझ्या गोळ्या बडीशेपच्या डब्यात लपवती. मागं सुट्टीत मी घरी असताना आत्या राहायला आली, तिला कळू नये म्हणून मी गोळ्याच सोडल्या. ती गेली, पण सवय मोडली ती मोडलीच. काही महिन्यांत केसांचे पुंजके हातात, तळव्यांना मुंग्या, आणि एक दिवस क्लासच्या जिन्यात पोरांसमोर पडले. डॉक्टर असे ओरडले! म्हणले, पोट लहान केलंय, तेवढ्या अन्नातून अंगाला पुरत न्हाई, गोळ्या सोडायच्या न्हाईत म्हणजे न्हाईत.

मी राघवेंद्रला म्हणले, "लपवून मी एकदा पडलेय. परत लपवणार न्हाई."

"बघू," म्हणला. बघू!

मग ते लोक आले बघायला. त्याची आई ठसठशीत, कपाळावर मोठं कुंकू, आवाज खणखणीत. पेढ्याचा डबा उघडला, अख्खा पेढा माझ्या ओठाशी. "घे गं, तोंड गोड कर."

मी कणभर तोडला.

"पूर्ण खा! आमच्याकडं अर्धवट ठेवत न्हाईत."

माझी आई मला डोळ्यांनी दटावून राहिली होती. राघवेंद्र फरशी बघून राहिला होता. आणि मी सांगून टाकलं, "काकू, माझं वजनाचं ऑपरेशन झालंय. अख्खा पेढा मला बाधतो. गोळ्या रोज लागतात."

"किती दिवस?"

"जन्मभर."

काकूंनी पेढा परत डब्यात ठेवला. मी त्याच्याकडं बघितलं... बोल ना रे. एक शब्द. भर पंगतीत उष्टी बुंदी खाणारा पोरगा, आईसमोर मुका! "कळवतो," म्हणून गेले. आई रडली. मी रडले न्हाई. त्याचा नंबर ब्लॉक केला आणि आईच्या बडीशेपच्या डब्यातून सगळ्या गोळ्या काढून फ्रिजवर मांडल्या, आल्यागेल्याला दिसतील अशा.

परवा क्लास सुटला, तर हा गेटवर.

"मिनी, ब्लॉक काढ."

"सरक."

"चुकलो मी."

"चुकलास सगळ्यांसमोर, आणि माफी माझ्या कानात?"

त्याचे कान लाल. मग खिशातून फोन काढला, आईला लावला, स्पीकरवर. अख्खी बॅच आजूबाजूला, ऑटोवाले पण वळून बघून राहिले.

"आई, मिनीच्या ऑपरेशनचं मला पहिल्या दिवसापासून माहिती होतं. लपव म्हणून मीच म्हणलो होतो. ती खरं बोलली आणि मी गप बसलो. लग्न करीन तर तिच्याशीच, तिला मी पसंत असलो तर."

फोनमधून काकू, "अय्यो राघू, ऑपरेशनचं कोण बोलून राहिलंय! मला दुसराच घोर. सून चिमणीएवढं खाणार, गल्लीतल्या बाया काय म्हणतील? सासू पोरीला उपाशी मारती म्हणून माझंच नाव निघंल!"

शिल्पे, मला हसूच फुटलं. तोवर पुढचं, "असं करू, तिचा उपास असतो म्हणून सांगू."

मी फोन ओढून घेतला. "काकू, माझा उपास नसतो. मी जेवते, थोडं जेवते. तुमच्या पंगतीत बसेन, सगळ्यांसमोर गोळी खाईन, कुणी विचारलं तर कशाची ते पण सांगेन. चालत नसंल तर आत्ताच सांगा."

पलीकडं घरघरणारा मिक्सर बंद झाला.

"लईच तोंडाळ हायेस की गं."

"हाव."

"...बरं. मग बायांना तूच सांगायचं. माझ्या तोंडून न्हाई निघायचं ते."

पोरांनी अशा शिट्ट्या मारल्या! राघवेंद्रनं हात पुढं केला. आणि मी धरला. भर रस्त्यात, माझ्या अख्ख्या बॅचसमोर.

आता आमची आई! तीच म्हणून राहिलीय, एवढ्या लवकर कशाला माफ केलंस, महिनाभर तरी झुरवायचं होतं. मला पण मधूनच वाटतं... त्या दिवशी गप बसलेला तो, आणि परवा ओरडून बोललेला पण तोच.

तू सांग शिल्पे, खरं सांग हं... तू असतीस तर धरला असतास का त्याचा हात?