लुसिंडा प्रॅट धक्क्याला लागली

लुसिंडा प्रॅट ही आगबोट फ्रँक शिमेकला कधीच आवडली नव्हती. अॅशलंडच्या कोळशाच्या धक्क्यावर मुकादमी करता करता त्याचे केस पिकले, आणि त्यातले निम्मे या एकाच बोटीने पिकवले असं तो सांगायचा. लाकडी, म्हातारी आणि बुडाशी सदा गळकी. खालच्या सरोवरांतून वरच्या सुपीरियर सरोवरावर कोळसा आणायचा आणि परत जाताना फळ्या न्यायच्या, एवढंच तिचं आयुष्य. नव्या लोखंडी बोटी यंत्राच्या बादल्यांनी दुपारपर्यंत रिकाम्या होत. हिच्या कोठारांची तोंडं एवढी अरुंद, की माणसं आत उतरवून फावड्यांनीच उपसावं लागे, आणि कोळसा निम्मा भिजलेला. माणसं फ्रँकला शिव्या घालत, फ्रँक कप्तानाला घाली, आणि कप्तान 'पंप चालू ठेवा' असं म्हणून झोपायला जाई.

आणि याच बोटीवर त्याची बायको ओटिली स्वयंपाकीण होती.

"आता उतर," गेल्या खेपेला तो म्हणाला होता. "नोव्हेंबरात असल्या खोक्यातून सरोवरावर जायला वेड लागलंय का?"

"घरी बसून तुझी कटकट ऐकण्यापेक्षा त्या सगळ्या गड्यांना जेवू घालणं सोपं," ती म्हणाली. "एवढी एकच खेप. मग आख्खा हिवाळा तू आणि मी. बघू, आधी कोण पळतं ते."

मग वादळ झालं. वादळ ओसरल्यावर बेटांपलीकडच्या किनाऱ्याला लुसिंडाच्या सुकाणूघराचं छप्पर लागलं, तिचं नाव रंगवलेल्या दोन बादल्या लागल्या. माणूस मात्र एकही सापडला नाही, जिवंत नाही की मेलेला नाही. कंपनीचा एजंट बोट बुडाली असं तोंडाने म्हणायला तयार नव्हता, पण तिची जागा दुसऱ्या बोटीला देऊन मोकळा झाला होता. पाद्री म्हणाला, थोडं थांबू या. शेजारणी रश्शाची भांडी आणून ठेवत आणि नजर चुकवून निघून जात. फ्रँकला या सगळ्यांचा विलक्षण संताप आला होता. रडायचं की वाट बघायची, एवढंच त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि तेवढंच कुणी सांगत नव्हतं.

त्या दुपारी धुकं एवढं दाट होतं की धक्क्याची कडसुद्धा धड दिसत नव्हती. धक्क्याच्या फळ्यांवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. नव्या बोटीचा पत्ता नव्हता. माणसं शेगडीभोवती बसून तंबाखू चघळत होती.

तेवढ्यात भोंगा झाला. आधी खर्जात, मग खोकल्यासारखा अडखळून, मग वर चढत गेलेला.

प्रत्येक बोटीचा भोंगा निराळा असतो, आणि धक्क्यावरचा माणूस तो झोपेतही ओळखतो. हा लुसिंडाचा होता. सगळे उठले, फावडी घेतली आणि कडेला जाऊन उभे राहिले, कारण हा भोंगा झाला की वर्षानुवर्षं ते हेच करत आले होते.

"भलतंच काय," फ्रँक खेकसला. "तोच भोंगा काढून दुसऱ्या कुठल्या तरी बोटीवर बसवला असेल. कंपनी काय, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाईल."

धुक्यातून दोर आला आणि फळ्यांवर आपटला. मजूर एमेट डूलीने तो उचलला, एकामागून एक हात टाकत त्याला मागे बांधलेला जाड दोर ओढून घेतला आणि त्याचा फास खुंट्याला अडकवला. दोर करकरला, ताणला आणि तसाच राहिला.

"काय बांधलंस रे?" फ्रँकने विचारलं.

"दोर आला, बांधला." एमेट आपल्या हातांकडे बघत राहिला. "फेकलेला दोर कुणी सोडतं का, फ्रँक?"

"कुठली बोट?" फ्रँक धुक्यात ओरडला.

 तिकडून फक्त पंपाची घरघर ऐकू येत होती आणि कांदा परतल्याचा वास येत होता.

बाकीचे खलाशी बोटीच्या कठड्यावरून सरळ उडी मारत. ओटिली कधी मारायची नाही. तिच्यासाठी फ्रँक दर वेळी स्वतः शिडी लावी आणि खालून धरी, तिच्यावर करवादत. आताही शिडी हातात आली तेव्हाच ती आपण आणलीये हे त्याला कळलं. त्याने ती उभी केली आणि धुक्यात टेकवली.

ती टेकली.

सगळ्यात वरची पायरी करकरली. मग तिच्या खालची.

"सावकाश," फ्रँक म्हणाला. "बर्फ झालाय."

वारा सुटला आणि धुकं विरलं. शिडी वरपर्यंत स्वच्छ दिसू लागली. तिचं वरचं टोक कशालाच टेकलेलं नव्हतं. त्याच्या खाली काळं पाणी होतं आणि खुंट्यापासून निघालेला दोर सरळ त्यात गेला होता.

"फ्रँक," एमेट हळूच म्हणाला, "सोड ती."

"सोडू कशी? ती अर्ध्यावर आलीये."

पुढची पायरी वाकली, अगदी त्याच्या डोक्यावरची. त्याच क्षणी वर आणखी एक वाकली, तिच्याही वर आणखी एक, आणि आख्खी शिडी मधोमध बाक काढून थरथरू लागली.

"एकेकाने उतरा!" फ्रँक डाफरला. "मोडायचीये का?"

वरच्या पायऱ्या एक एक करून सरळ झाल्या. थांबल्या.

खालची पायरी वाकली आणि सुटली. फ्रँकच्या बाहीवर ओल उमटली. चार बोटांची, वर अंगठ्याची.

किती तरी वेळ तो त्या ओलीकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा सैल पडला.

"एमेट, शिडी धर."

"फ्रँक, अरे..."

"धर म्हणतो ना. हिला मी घरी नेतो. बाकीचे खोळंबलेत."

तो हात जरा अंगापासून दूर धरून, निसरड्या फळ्यांवरून कुणाच्या तरी चालीने हळूहळू चालू लागला. मागे एमेटने शिडीला हात घातला.

मग शिडी करकरली, आणि एमेटचा आवाज आला.

"हं. पुढचा."