डावखुरी गाठ

शुक्रवारी नारपोलीतले कापड विणायचे लूम बंद असतात. खडखड नसली तरी माणसं सवयीनं मोठ्यानंच बोलतात. त्या सकाळी रामनाथकाकांच्या घरात मात्र सगळे कुजबुजत होते.

त्यांचा मुलगा दीपेश नौदलात होता. त्याचं शिडाचं प्रशिक्षण जहाज शांत समुद्रात नाहीसं झालं. संदेश नाही, फळी नाही, दोराचा तुकडा नाही. शोध थांबला. आज कशेळीच्या खाडीकाठी त्याच्या नावानं दर्भाच्या पुतळ्याला अग्नी द्यायचा होता. मी बातमीसाठी गेलो होतो.

"आलाव?" त्याची आई, पुतळाबाई, म्हणाल्या. "तुमच्या पेपरनंच त्याला आदी मारला."

"आता वाद नको," काका म्हणाले. "विधी न्हाय केला तं पोराला गती न्हाय."

"आनि जिता असंल तं? जित्याला जालनार?"

काका उठून घरामागच्या लूमकडे निघाले, आम्हीही मागोमाग गेलो. पुतळ्यावर गुंडाळायला दीपेशच्याच लूमचं कापड हवं होतं. नौदलात भरती व्हायला जाताना तो नुकताच सुरू केलेला ताका तसाच सोडून गेला होता. जहाज हरवलं त्या आठवड्यात मी त्या लूमचा फोटो घेतला होता: हातभर कापड, पुढे नुसते धागे, सगळ्यावर धूळ.

आता धूळ नव्हती. कापड पार जमिनीपर्यंत आलं होतं. मी मेन स्विच पाहिला. फ्यूज काढलेला होता. वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या.

पुतळाबाई कापडावरून बोटं फिरवत राहिल्या. "त्याच्याच गाठी."

तुटलेला धागा दीपेश डाव्या हातानं बांधायचा. गाठीची शेपटं उलटी उभी राहायची.

"याच गाठींपायी व्यापारी माल परत पाठवायचा," त्याची बहीण मृणाली म्हणाली. "तू डावऱ्या डावऱ्या म्हणून किती वरडायचीस, आई!" ती हसायला गेली, पण हसली नाही.

काकांनी कात्री उचलली. कापडाच्या कडेला, एका तुटक्या धाग्यावर, सैल अर्धवट गाठ होती. तिच्यातून पाणी ठिबकत होतं. मी बोट लावून चाखलं. खारट.

कात्री उघडली.

गाठ आवळली गेली.

"धागा वढू नको, मृणाली."

"मी हात न्हाय लावला, बाबा."

काकांनी कात्री खाली ठेवली. ओटीवर दर्भाचा पुतळा वाट पाहत पडला होता.

मग शेजारचा धागा तट्कन तुटला. आम्ही चौघं तिथंच उभे राहिलो, त्यावर गाठ पडते का ते पाहत.