रामा नाखव्याची टोपी

विपुलने पेटी उघडली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

आत पांढऱ्या मखमलीची घडी होती. टोपी नव्हती. त्याने मखमल उचलून झटकली, पेटी उलटी केली, मग उगीचच टेबलाखाली वाकून पाहिलं. बाहेर बोईसरच्या त्या लग्नाच्या हॉलमध्ये अडीचशे माणसं बसली होती आणि माईकवरून कुणीतरी तिसऱ्यांदा सांगत होतं, की आता तो क्षण जवळ आला आहे.

"धर्माजीकाका, जरा आत येता का?" दार अर्धवट उघडून त्याने हळूच हाक मारली.

धर्माजी मेहेर पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं नोकरी केली आणि एवढंच शिकले, की जो माणूस फार गोड बोलतो त्याच्या खिशाकडे बघावं. घरात भाजीत मीठ जास्त झालं तरी ते आधी कोणाचा हात लागला ते विचारत. नटनट्यांचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. ते आले होते गोजराबाईसाठी.

गोजराबाई सातपाटीची. धर्माजींच्याच आळीतली, सत्तरीची. सत्तावीस वर्षांपूर्वी गावात 'शिडाची सावली' या सिनेमाचं शूटिंग झालं. हिरो चंद्रभान. त्याला सिनेमावाल्यांच्या पेटाऱ्यातल्या नव्या टोप्या पसंत पडेनात, म्हणून त्याने गोजराबाईच्या नवऱ्याच्या, रामा नाखव्याच्या डोक्यावरची लाल टोपी मागून घेतली. आठ दिवसांत परत देतो म्हणाला. रामा भोळा. त्याने दिली. सिनेमा धो धो चालला, टोपी काही आली नाही. पुढच्या वर्षी वादळात रामाची होडी गेली. रामाही गेला. प्रेतसुद्धा मिळालं नाही.

त्या टोपीच्या दुमडीत गोजराबाईने गावदेवीच्या अंगाऱ्याची पुडी शिवली होती. त्यांच्या घरातली ती रीतच. नवरा दर्यावर जातो, बायको पुडी शिवते, आणि नवऱ्याला सांगत नाही. आता तिला ती पुडी पाण्यात सोडायची होती. रामाचं म्हणून सोडण्यासारखं तिच्याकडे दुसरं काहीच उरलं नव्हतं. तोवर तिच्या लेखी रामा गेलेला नव्हता आणि आलेलाही नव्हता. तिने चंद्रभानला सहा पत्रं लिहवून घेतली होती, पुडीचं नाव न काढता नुसती टोपी मागितली होती. एकाचंही उत्तर आलं नाही. चंद्रभान मात्र प्रत्येक मुलाखतीत सांगे, की रामाची टोपी माझ्या देवघरात आहे.

शेवटी फ्लेक्स छापणाऱ्या विपुलने चाहत्यांचा मेळावा भरवला आणि जाहिरातीतच छापून टाकलं की चंद्रभान टोपी परत करणार. आता चंद्रभानला नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

धर्माजींनी रिकामी पेटी पाहिली, खोली पाहिली. एक दार, एक खिडकी, खिडकीला गज. मागोमाग चंद्रभान आत आला. साठीचा, पण काळेभोर केस, अंगावर दुधाळ सदरा. सकाळी केस कसे हवेत उभे होते. आता कपाळावर एक चपटी रेघ उमटून ते खाली बसले होते. धर्माजींनी ते पाहून ठेवलं.

"गेली?" चंद्रभान खुर्चीत बसला. "सत्तावीस वर्षं जपली हो मी."

"पोलिसांना बोलवू?" विपुलने विचारलं.

"नको, नको. गरीब माणसाच्या हातून चूक होते कधी कधी. त्या बाईंना कामावरून काढू नका म्हणजे झालं."

"कुठल्या बाईंना?" धर्माजींनी विचारलं.

चंद्रभान गडबडला. "किल्ली त्यांच्याकडेच असते ना. आपलं, सहज म्हटलं."

ती बाई म्हणजे भागी. डोंगराकडच्या पाड्यावरची, हॉलची झाडलोट करणारी. खोलीची किल्ली तिच्या कनवटीला. तिला आत बोलावलं तेव्हा तिचे हात ओले होते आणि चेहरा पार उतरला होता. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"भागी, सकाळपासून खोलीत कोण कोण आलं?"

"दहाला ईपुलशेट नि साहेब आले, पेटी ठेवून गेले. मी कुलूप लावलं."

"मग?"

"मंग साहेब च्याला आले. एकलेच. सवाअकरा असतील. मी बाहेर पायरीवर बसलेली. साहेब गेले तवा मी कप उचलला, टेबल पुसलं, कुलूप लावलं."

"पेटीला हात लावला?"

"नाय. तुमी सांगाल ती शपथ घेते."

"त्यानंतर?"

"आता ईपुलशेटनी उघडायला लावलं तवाच."

तिने न सांगता कनवटीची किल्ली काढून ठेवली आणि आपली पिशवी टेबलावर रिकामी केली. डबा, कंगवा, बाजारातून घेतलेले सुके बोंबील, लेकीसाठी दोन पिना. टोपी नव्हती. विपुलने नाकाला रुमाल लावला.

"तू नाक धरू नकोस," धर्माजी त्याला म्हणाले. "तुझ्या गाडीची डिकी दाखव."

"माझी? का?"

"तूच मला सांगितलंस, दोन वर्षं तू ह्यांच्याकडे टोपी विकत मागतो आहेस. सिनेमाच्या वस्तू जमवायचा नाद तुला. पेटी उघडली तीही तूच."

विपुलचे कान लाल झाले, पण त्याने डिकी उघडली. आत पोस्टरं, तिकिटांचे जुने तुकडे, कुठल्याशा नटीची फुटकी फणी. खरं सांगायचं तर धर्माजींना ती फणी पाहून हसू आलं असतं, एरवी. विपुल टोपी चोरेल का? चोरेल. नाद वाईट असतो. पण पेटी उघडताना धर्माजी दाराबाहेरच होते. त्याला टोपी लपवायला वेळच मिळाला नव्हता.

"दहा वाजता टोपी पेटीत होती, हे तू डोळ्यांनी पाहिलंस?"

"पाहिली की. सरांनी झाकण उघडून दाखवली. मी हात पुढे केला तर म्हणाले, नको, ती फक्त मावशींच्या हातात देईन."

म्हणजे एक टोपी होती खरी.

धर्माजी हॉलमध्ये आले. हॉल लालच लाल झाला होता. विपुलने पन्नास चाहत्यांना पन्नास लाल टोप्या वाटल्या होत्या, प्रत्येकीवर समोर त्याच्या मंडळाचा पत्र्याचा बिल्ला. फोटोच्या रांगेत चंद्रभानच्या गळ्यात हात टाकून हसणाऱ्या त्या टोप्या सकाळपासून धर्माजींच्या डोळ्यांत खुपत होत्या. विपुलने सकाळी चंद्रभानलाही एक पुढे केली होती. त्याने हात झटकला होता, म्हणे केस विसकटतात.

गोजराबाई पहिल्या रांगेत बसली होती. नेसूचं हिरवं लुगडं, मांडीवर एक केळीचं पान गुंडाळलेलं. त्यात पुडी ठेवून न्यायची होती.

"धर्मा, आणखी किती वेळ रं?"

"होईल, वयनी." ते तिच्या शेजारी टेकले. तिला सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. "मला एक सांग. सकाळी रांगेत तू त्याच्याशी काय बोललीस? मी मागं होतो, पण नीट आठवत नाही."

"काय बोलनार? इचारलं, पुडी तशीच हाय ना, कोनी उसवली तर नाय? तो म्हनला, मावशी, रोज हात लावतो तिला. मंग मी म्हनलं, वरती सगल्यांच्या देखत उसवून काढीन."

"तेव्हा तो काय म्हणाला?"

"काय नाय. पुढच्या मानसाकडं वलला."

धर्माजींना आता ते आठवलं. अकरा वाजले होते. त्यानंतर दोन-तीन फोटो झाले आणि चंद्रभानला एकाएकी चहाची तलफ आली. रांग तशीच ताटकळत ठेवून तो आत गेला होता.

"आणि वयनी, ती पुडी टोपीत कुठल्या अंगाला?"

गोजराबाईने आपल्या मानेला हात लावला. "मागं. दर्या समोरचा मानसाला दिसतो. मागून काय येतं ते नाय दिसत. म्हनून मागं."

धर्माजी उठले आणि टोप्या न्याहाळत रांगांमधून फिरू लागले. बिल्ला, बिल्ला, बिल्ला. शेवटच्या रांगेत एका तरुणाच्या टोपीवर बिल्ला नव्हता. तो तारापूरच्या कारखान्यात कामाला होता, रामू नाव. त्याने टोपी दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली.

"ये मैं नहीं दूँगा, चाचा. साहब ने अपने सर से उतार के मेरे को पहनाई है. फोटो है मेरे पास."

फोटो खरंच होता. चंद्रभान आपल्या डोक्यावरची लाल टोपी काढून रामूला घालतो आहे. खाली वेळ, अकरा वाजून अठ्ठावीस मिनिटं.

"देऊ नकोस. ती घेऊन माझ्याबरोबर ये."

आतल्या खोलीत धर्माजींनी सगळ्यांना बसवलं. गोजराबाईला खुर्ची दिली आणि ह्या वेळी त्यांनी तिला खरं ते सांगितलं, की पेटी रिकामी आहे. केळीचं पान तिच्या मांडीवर तसंच राहिलं. भागी दाराशी उभी होती.

"चंद्रभानसाहेब, तक्रार लिहायची तर वस्तूचं वर्णन लागतं. टोपी कशी होती?"

"लाल. कोळ्यांची असते तशी. जुनी."

"खूण?"

"दुमडीत अंगाऱ्याची पुडी शिवलेली."

"रोज हात लावायचात. कुठल्या बाजूला?"

चंद्रभानने बोट आपल्या कपाळाच्या मधोमध टेकवलं. "इथे. अंगारा लावतात तिथेच."

गोजराबाईने मान वर केली.

"पुडी मानेवर होती," धर्माजी म्हणाले. "तुम्ही तिला रोज काय, एकदाही हात लावलेला नाही. सकाळी वयनी बोलेपर्यंत टोपीत पुडी आहे हेच तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"हा काय आरोप आहे? टोपी विपुलने पाहिली आहे."

"पाहिली. ही." धर्माजींनी रामूच्या हातातली टोपी घेतली. "विपुल, तुझ्या पन्नास टोप्यांवर बिल्ले आहेत. हिच्यावर नाही, आणि बिल्ला टोचल्याचं भोकही नाही. म्हणजे ही तुझी नाही. कापडाची खळसुद्धा अजून गेलेली नाही. रामा नाखव्याची टोपी दर्याचं पाणी पिऊन पिऊन कडक झाली होती, मी रोज बघायचो. साहेब, तुम्ही नवी टोपी आणलीत. जुनी दिसावी एवढेही कष्ट घेतले नाहीत. म्हातारीला काय कळतंय, असं वाटलं असेल."

चंद्रभानने सदऱ्याची बाही सारखी केली.

"बेत सोपा होता. स्टेजवर द्यायची, टाळ्या घ्यायच्या, गाडीत बसायचं. पण वयनीने पुडी विचारली, आणि वर सगळ्यांसमोर उसवीन म्हणाली. उसवली असती तर काय निघालं असतं? काहीच नाही. म्हणून तुम्ही चहाला आलात. पेटीतली टोपी काढलीत. लपवायला जागा नाही, खिडकीला गज. मग घातली डोक्यावर आणि राजरोस बाहेर आलात. बाहेर पन्नास टोप्या, तिथे एक्कावन्नावी कोण बघतो? रांगेत उभ्या ह्या पोराला घालून दिलीत. केस विसकटतात म्हणून सकाळी टोपी नाकारणारा माणूस अकरा-अठ्ठावीसला टोपी का घालतो? त्या टोपीची रेघ अजून तुमच्या कपाळावर आहे."

चंद्रभानचा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"एवढं करून थांबला असतात तर मी तुम्हाला नुसतं लबाड म्हटलं असतं. पण चोर तर हवा होता. तो तुम्ही हिच्यात पाहिलात." धर्माजींनी भागीकडे बोट केलं. त्यांचा आवाज चढला होता. "तिला कामावरून काढू नका म्हणालात, तेव्हा तिचं नाव कुणी घेतलंही नव्हतं."

भागीने पदराने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच त्या नटाकडे सरळ पाहिलं. तो मात्र तिच्याकडे बघू शकला नाही.

"खरी कुठे आहे?" गोजराबाईने विचारलं.

"मावशी..." चंद्रभानचा तो प्रसिद्ध खर्ज कुठल्या कुठे गेला होता. "शूटिंग संपलं तेव्हा कपडेवाल्याने सगळं ट्रंकेत भरलं. मी विचारलंसुद्धा नाही. पुढे एका मुलाखतीत सहज बोलून गेलो, की टोपी देवघरात आहे. लोकांना फार आवडलं. मग प्रत्येक वेळी तेच सांगत गेलो. तुमची पत्रं आली होती. मी ती वाचली होती."

विपुल भिंतीला टेकला. लहानपणापासून ज्याचे फोटो जमवले तो माणूस समोर बसला होता, आणि विपुलला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"वयनी, तक्रार करायची?" धर्माजींनी विचारलं. "तू म्हणशील तसं."

गोजराबाईने मांडीवरचं पान बाजूला ठेवलं आणि उठली.

"आधी ह्या पोरीची माफी माग," ती चंद्रभानला म्हणाली. "मंग चल माझ्यासंगती."

त्याने भागीसमोर हात जोडले. भागीने किल्ली परत कनवटीला लावली. बाहेर माईकवरून कार्यक्रम थोडा लांबल्याचं सांगत होते.

चंद्रभानच्याच गाडीतून तो, गोजराबाई आणि धर्माजी निघाले. सातपाटीच्या किनाऱ्यावर दुपारचं ऊन होतं, बायका बोंबील वाळत घालत होत्या. त्यांनी चंद्रभानला ओळखलं आणि धावत जवळ आल्या, पण गोजराबाईचा चेहरा पाहून तिथेच थबकल्या.

"जा पाण्यात," ती म्हणाली. "त्याची टोपी तू घेतलीस, तूच सांग त्याला."

"काय सांगू, मावशी?"

"काय केलंस ते. तुझं तू."

चंद्रभान बुटांसकट गुडघाभर पाण्यात गेला. सदरा भिजला. लिहून दिलेलं बोलण्यात त्याचं सारं आयुष्य गेलेलं. त्याने दोनदा सुरुवात केली आणि दोनदा थांबला. मग पुटपुटल्यासारखा काहीतरी बोलू लागला, आणि बोलता बोलता रडू लागला. धर्माजींना ते रडणं खरं की खोटं याचा संशय आलाच, सवयच ती. पण या वेळी तिथे बघणारा कॅमेरा नव्हता.

गोजराबाई काठावर उभी राहून ऐकत होती. मग तिने तोंडाशी हात धरून त्याला हाक दिली.

"मोठ्यानं बोल. होडीच्या इंजिनाच्या आवाजानं त्याला कमी ऐकू यायचं."