बांधलेली बोट चालू लागते

साल दोन हजार चोवीस, मे महिन्याची अकरा तारीख. आभाळ कसं धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ होतं. पण त्या दिवशी वर एक मोठं वादळ घोंगावत होतं आणि ते कुणालाच दिसत नव्हतं!

"गौरी, धाव! ही बोट बघ कशी चाललीय!" संजू दुधनीच्या तलावाच्या धक्क्यावरून ओरडला.

"चाललीय? दोराने बांधलीय की!"

"तेच तर! पडद्यावर बघ!"

गौरी, संजू आणि सोनी ही सिल्वासाच्या शाळेतली तिकडी. सुट्टीत बोटीने तलावापलीकडच्या टेकडीवर जायचा त्यांचा बेत होता. सोनीने सहा वर्षांच्या भावाला, पप्पूला, बरोबर आणलं होतं. नरोलीच्या कारखान्यात कामाला जाताना आईने तिला बजावलं होतं, "पप्पूचा हात सोडशील तर याद राख!"

सुकाणूजवळ जीपीएसचा पडदा होता. त्यावर एक पिवळी रेघ होती, बोटीची वाट. हा तलाव धरणाचा; ते भरलं तेव्हा खोऱ्यातले साग उभेच्या उभे बुडाले. मे महिन्यात पाणी उतरलं, की त्यांचे खुंट पाण्याखाली वीतभर अंतरावर दबा धरून बसतात. मधून एकच खोल वाट जाते. आणि आता धक्क्याला बांधलेल्या बोटीचा बाण पडद्यावर हळूहळू सरकत होता, थांबत होता, पुन्हा सरकत होता.

"भूत!" पप्पू सोनीला बिलगला.

"गप रे! दिवसा कुठे भूत असतं?" सोनी म्हणाली खरी, पण तीही पडद्यापासून मागे सरकली.

गौरीने मृणालआत्याला फोन लावला. आत्या सिल्वासाच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. गच्चीवरच्या खांबाला तिने एक अँटेना पक्की बसवली होती आणि तिच्यावर रोज लक्ष ठेवायची.

"गौरी, अगं माझी अँटेनासुद्धा सकाळपासून हिंडतेय!"

"म्हणजे? ती तर खांबाला बसवलीय!"

"म्हणून तर कळतं! सूर्याने विद्युतभारित कणांचा एक प्रचंड लोट फेकलाय. त्याने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हादरलंय. आपल्या डोक्यावर शेकडो किलोमीटरपर्यंत आयनांबर, म्हणजे विद्युतभारित कणांचा थर, पसरलाय ना, तिथले कण ढवळून निघालेत. उपग्रहाचा संदेश त्या गर्दीतून येताना रखडतो. सामरवरणीच्या बाजारातून सायकल काढताना उशीर होतो ना, तसा! यंत्राला वाटतं, उपग्रहच लांब आहे. मग जागा चुकते."

"आणि तुला गर्दी किती ते कसं कळतं?"

"उपग्रह दोन वेगळ्या लहरी पाठवतो. दोघी सारख्या रखडत नाहीत. त्यातल्या फरकावरून मी गर्दी मोजते. साध्या यंत्रात एकच लहर येते, त्याला कुठून कळणार! ऐक, आज त्या पडद्याच्या भरवशावर पाण्यात जाऊ नका. मी निघालेच."

गौरी कारभारीकाकांकडे धावली. बोट त्यांचीच.

"काका, आज मशीन चुकतंय! वर वादळ आहे!"

"वादळ?" काका खो खो हसले. "एक ढग तर दाखव, पोरी! सहल बुडवायचा धंदा आहे का तुझा?"

"हो ना!" बोटीत नऊ प्रवासी बसून होते; त्यांतल्या कमळाबाई डब्यांची पिशवी सांभाळत म्हणाल्या. "ऊन चढतंय. चला आता!"

तेवढ्यात सोनी किंचाळली, "पप्पू!" भूतबीत विसरून डब्यांच्या वासाने तो पोरगा बोटीत उडी मारून कमळाबाईंच्या मांडीवर जाऊन बसला होता. इंजिन धडधडलं, दोर सुटला. तिघांनी मागचापुढचा विचार न करता बोटीत उड्या टाकल्या.

किनारा मागे पडला. गौरीने इकडेतिकडे पाहिलं. लाइफ जॅकेटं कुठे आहेत? बाकाखालच्या पेटीत, कुलपात!

खर्रर्र! बोटीच्या बुडाला काहीतरी घासलं.

"मासा असंल," काका म्हणाले. पडद्यावर बाण पिवळ्या रेघेवर अगदी सरळ होता.

खर्रर्र! आता बोट कलली. कमळाबाईंचा डबा घरंगळला. पप्पू रडायचंही विसरला. सोनीने त्याला घट्ट धरलं. "याला पोहता येत नाही गौरी. आईला मी काय सांगू?"

गौरी विचार करू लागली. काका ऐकणार नाहीत. ते फक्त पडद्याचं ऐकतात. मग पडद्यालाच बोलतं केलं तर? आत्याची अँटेना हलत नाही, म्हणून तिला खोटं पकडता येतं. बोटही हलता कामा नये!

ती संजूच्या कानात कुजबुजली. संजूने एक डोळा मिचकावला आणि पायातली नवी चप्पल पाण्यात भिरकावली.

"काका! माझी चप्पल! पप्पा मला सोलून काढतील! थांबवा ना!"

"काय कार्टं आहे!" काकांनी इंजिन बंद केलं. बाजूलाच एका वठलेल्या सागाचा शेंडा पाण्याबाहेर आला होता. सोनीने दोराचा फास टाकला. पहिला हुकला. दुसरा बसला! दोर ताणला गेला, संजूने गाठ मारली आणि बोट जागच्या जागी खिळली.

"ए, काय करता?"

"काका, आता फक्त पडद्याकडे बघा," गौरी म्हणाली.

सगळे बघत राहिले. बोट बांधलेली, इंजिन बंद आणि बाण निघाला! पिवळी रेघ सोडून तो सावकाश बाजूला सरकला, थबकला, भलत्याच दिशेला वळला.

"अगं बाई!" कमळाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

काकांनी खाली वाकून पाण्यात पाहिलं. हिरव्या पाण्यात, बोटीच्या दोन्ही अंगांना, काळे खुंटच खुंट! त्यांनी झटकन पेटीची किल्ली काढली.

"आधी पोरांना जॅकेटं द्या!" कमळाबाई कडाडल्या.

मग काकांनी सागाचा दोर सोडला, पडद्यावर फडकं टाकलं आणि लांब बांबू उचलला. संजू बोटीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, पालथा पडला. "खुंट! डावीकडे घ्या! थांबा, थांबा! अजून एक!" बांबू बुडत होता, आपटत होता, पुन्हा बुडत होता. दर खरखरीला गौरी डोळे मिटायची. शेवटी बांबू बुडाला तो तळाला लागेचना. खोल पाणी! त्यानंतर कुठे तिने श्वास सोडला.

बोट परतली तेव्हा धक्क्यावर मृणालआत्या उभी होती. काका तिच्यासमोर मान खाली घालून म्हणाले, "ताई, पोरांनी आज चौदा माणसं वाचवली. मी हसलो त्यांना."

"शाब्बास रे!" आत्याने चौघांना एकदम कवेत घेतलं. "मी वादळ मोजलं. तुम्ही ते काकांना दाखवलंत!"

"आणि माझी चप्पल?" संजूने विचारलं.

"दोन जोड घेऊन देते, बाळा!" कमळाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी खरंच घेऊन दिले.

सोनीने त्याच सुट्टीत पोहायला शिकायचा हट्ट धरला. आज ती शाळेच्या संघात आहे. पप्पू मात्र अजून पाण्याला भितो, पण काठावरून बहिणीचं नाव घेऊन सर्वांत मोठ्याने ओरडतो. संजूला बोटीचा इतका लळा लागला, की सुट्टीत तो दुधनीलाच असतो. पेटीला आता कुलूप नाही. जॅकेट घातल्याशिवाय कुणी बोटीत पाय ठेवत नाही.

गौरी रविवारी आत्याच्या खोलीत बसून अँटेनाच्या आलेखावर नजर ठेवते. रेघ थरथरू लागली, की आधी ती फोन उचलते आणि दुधनीला लावते. कारभारीकाका पहिल्याच घंटीला विचारतात, "बोल पोरी, आज वर कसं आहे?"