आत्याचा ताप आला कुठून?

चंद्रावरच्या वस्तीत औषधालाही डास नव्हता. शैलाआत्याच्या काचेच्या खोलीत तर हवासुद्धा गाळून सोडलेली. तरी आत्या तापाने फणफणली होती, पोटही बिघडलं होतं. सौर वादळातून आल्यावर तिला उलट्या झाल्या, पण नंतर ती चांगली हसत-बोलत होती. मग आत्ताच हे काय झालं? वल्लरीला काही सुचेना.

ते वादळ आठवलं की तिला रडूच येई. सूर्याकडून किरणोत्साराचा (डोळ्यांना न दिसणाऱ्या, शरीरात आरपार घुसणाऱ्या कणांचा) मारा सुरू झाला आणि वल्लरी बाहेर गाडीत अडकलेली! आत्या जिवावर उदार होऊन धावली. तिने भाचीला जाड भिंतींच्या आसऱ्यात ढकललं. आसऱ्याचं बिघडलेलं दार बाहेरूनच लागत होतं. आत्याने ते लावलं आणि स्वतः बाहेर राहिली.

आज वल्लरी दहीभाताचा डबा घेऊन आली. घरात कुणाचं पोट बिघडलं की हाच उपाय. पण डॉक्टर तांबोळीआजोबांनी तिला दारातच अडवलं.

"दही नको, बाळा."

"पण त्यातले जिवाणू चांगले असतात. तुम्हीच सांगितलंत ना!"

"पोटात राहतात तोवर चांगले. आत्याला ताप आलाय तो तिच्याच पोटातल्या जिवाणूंमुळे."

वल्लरी बघतच राहिली.

आजोबांनी तिला जवळ बसवलं. "आतड्यात अब्जावधी जिवाणू गुण्यागोविंदाने नांदतात. त्यांच्यात आणि रक्तात एक अस्तर असतं, जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. जुन्या पेशी चार-पाच दिवसांत गळतात, खालून नव्या येतात. किरणोत्सार अशा भराभर वाढणाऱ्या पेशींनाच आधी गाठतो."

"म्हणजे जुन्या गळल्या आणि नव्या आल्याच नाहीत? म्हणून ती आधी बरी दिसली!"

"शाब्बास! अस्तर फाटलं, जिवाणू रक्तात शिरले नि अंगभर पसरले. एरवी पांढऱ्या पेशी (रक्तातले पहारेकरी) त्यांना धरतात. पण त्याही अस्थिमज्जेत (हाडांमधल्या मऊ गरात) भराभर तयार होतात. किरणांनी त्यांनाही सोडलं नाही."

वल्लरीने डबा मागे सरकवला. "मग आता?"

"प्रतिजैविकं (जिवाणूंना मारणारी औषधं) चालू आहेत. थोड्या मूळपेशी (ज्यांच्यापासून नव्या पेशी घडतात त्या) वाचल्या असतील, तर अस्तर पुन्हा तयार होईल."

"आणि नसतील वाचल्या तर?"

आजोबांनी काचेपलीकडे आत्याकडे पाहिलं. वल्लरी रोज काचेपाशी येऊन बसू लागली.

एका सकाळी आजोबा लगबगीने बाहेर आले. ताप उतरला होता, पांढऱ्या पेशी वाढू लागल्या होत्या. "असंच चालू राहिलं तर आत्या घरी येईल," ते म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला.

काचेपलीकडून क्षीण आवाज आला. "वल्ले, तुला नाही ना गं ताप आला?"

स्वतः मरणाच्या दारातून परतलेली ही बाई विचारत होती भाचीचं! वल्लरीने काचेवर दोन्ही हात टेकले.

"नाही, आत्या. माझ्या पोटातलं अस्तर शाबूत आहे. तू दार लावलंस ना, म्हणून."