जळवंतीचा चेहरा

"आज सोडायचं नाही तिला! दार उघडलं की पहिला मी बोलणार!" रिक्षातून उतरता उतरताच मितेशने बाह्या सरसावल्या.

"टी-शर्टला कसल्या बाह्या सरसावतोस?" उन्नती म्हणाली. "आणि ओरडायचं नाही हं. आधी नीट विचारायचं."

उन्नती ही मितेशची चुलतबहीण. दोघं राहायला भिवंडीजवळच्या वळ गावात, आणि त्यांच्यामागे पाण्याची बाटली सांभाळत येणारा भाविक हा शेजारच्या घरातला. भाविकचे आजोबा म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेले लडकू भगत. भूतबाधा उतरवायला लोक त्यांच्याकडे लांबून येत, आणि त्यांचा हा नातू संध्याकाळी एकटा अंगणातही जात नसे!

मे महिन्याची सुट्टी लागली होती. तिघं निघाले होते एका चित्रकर्तीला जाब विचारायला.

कारणही तसंच होतं. 'जळवंती' नावाच्या कॉमिकने तिघांना पुरतं झपाटलं होतं. जळवंती म्हणजे कामवारी नदीत बुडालेली नावाड्याची मुलगी. धुक्याच्या रात्री ती हातात कंदील घेऊन वाट चुकलेल्या होड्यांना किनारा दाखवायची. पण चार अंक संपले तरी तिचा चेहरा कुणाला दिसला नव्हता! कधी ती पाठमोरी, कधी तोंडावर केस, कधी मध्येच धुकं. चौथ्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत ती वळत होती, कंदील वर उचलत होती, आणि खाली लिहिलं होतं, 'चेहरा पुढच्या अंकात!'

तो पुढचा अंक दिवाळीत येणार होता. मग म्हणे नाताळात. मग नुसतंच 'लवकरच'. तिघांनी चौथा अंक वाचून वाचून त्याच्या चिंध्या केल्या. मितेशने स्वतःच पाचवा अंक काढला. त्यात जळवंती हेलिकॉप्टर चालवत होती, त्यामुळे तो कुणी वाचला नाही. भाविक रोज एक नवी अफवा आणायचा. उन्नतीला तर स्वप्नात तो कंदील दिसायचा, आणि चेहरा दिसणार एवढ्यात जाग यायची. वाट बघणं हे भुतापेक्षा वाईट असतं, असं तिचं ठाम मत झालं होतं.

अंकाच्या मागच्या पानावर चित्रकर्ती दिपालीचा पत्ता होता, भिवंडीतल्या नारपोलीचा. गल्लीत दोन्ही बाजूंना कापड विणणाऱ्या लूमची खटाखट चालू होती, इतकी की बोलायचं तर ओरडावंच लागत होतं.

"चाचा, दिपाली ताई कुठे राहतात?" मितेश एका दारातून आत ओरडला.

"वो चित्रवाली दीदी? ऊपर, ऊपर!" आतून हात दिसला.

वरच्या खोलीचं दार उघडंच होतं. एक हडकुळी, डोळ्यांखाली काळं आलेली ताई जमिनीवर बसून रंगाच्या बाटल्या आणि ब्रश पत्र्याच्या पेटीत भरत होती. मितेश तयार ठेवलेलं भाषणच विसरला.

"आम्ही... वळवरून आलोय. जळवंतीसाठी," उन्नती म्हणाली.

दिपालीताईचे हात थांबले. "जळवंती बंद झाली, बाळांनो."

"बंद?" तिघं एकदम किंचाळले.

"पाचवा अंक कधीच काढून झाला होता. छापूनही झाला. छापखान्यातून ट्रक निघाला, तो तुमच्याच वळच्या गोदामात यायचा होता. ट्रकवाले म्हणतात माल पोचवला, गोदामवाले म्हणतात आलाच नाही. मी किती खेटे घातले! गोदामाचे साहेब खुर्चीतून मानही वर करत नाहीत. पुन्हा सगळं छापण्याची ताकद माझ्यात नाही. सोमवारपासून एका ऑफिसात नोकरीला लागतेय. ही पेटी माळ्यावर टाकली की संपलं."

"पण ताई, चेहरा?" भाविकने हळूच विचारलं.

दिपालीताई खिडकीबाहेर बघत राहिली. "शेजारच्या आक्का मला म्हणाल्या होत्या, बुडालेल्या बाईचा चेहरा काढू नकोस. काढलास की ती तो घ्यायला येते. मी हसले. चेहरा काढला, त्यात एक गंमतही करून ठेवली, आणि त्याच अंकाचा पत्ता नाही! रात्री झोपताना मला वाटतं, नेला तिनेच."

खाली लूम खटाखट चालूच होते. एवढ्या उन्हातही भाविकच्या अंगावर काटा आला. तिघं परत निघाले. मितेशने तर दिपालीताईला कॉमिकच्याच एका पानावर 'फसवणूक! फसवणूक!' असं लिहून पाठवलं होतं. आता ते आठवून त्याचे कान गरम झाले.

"गोदाम वळमध्ये आहे," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे आपल्या अंगणात! शोधायचं!"

वळमध्ये गोदामांना काय तोटा! जिकडे पूर्वी भातशेती होती तिकडे आता पत्र्यांच्या लांबच लांब रांगा. दिपालीताईने सांगितलेली रांग गावाच्या टोकाला होती. तिघं पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि हमाल शेवटची गाडी भरत होते.

उन्नतीला एक विचित्र गोष्ट दिसली. हातगाड्या घेऊन येणारे हमाल सरळ येत आणि शेवटच्या गाळ्याच्या अलीकडेच वळसा घालून पलीकडे जात. वाट मोकळी असतानासुद्धा! त्या गाळ्याच्या शटरला लाल फडक्यात बांधलेला एक नारळ लटकत होता. फडक्यावर धुळीचा थर होता.

पॅकिंगचं काम करणारी काशीमावशी डबा घेऊन घरी निघाली होती. मितेशने तिला गाठलं.

"मावशी, तो गाळा बंद का आहे?"

"हळू बोल!" काशीमावशीने इकडेतिकडे पाहिलं. "त्या गाल्यान बाई हाय."

"बाई?"

"थंडीच्या दिवसांत आयली. संध्याकाली गाडी खाली करून झाली न लाईट गेली. बघतंव तर अंधारान बाईचं तोंड! हिरवं! खाली अंग न्हाय, पाय न्हाय. हमाल माल टाकून पलाले. मग चांगदेव सायबांनी भगत आनला, नारल बांधून बांध घातला. तवापासून शटर कुनी उघडला न्हाय. जा घरी, तिन्हीसांजा झाल्या!"

काशीमावशी झपाझप निघून गेली.

"चला घरी," भाविक म्हणाला. "मावशी बरोबर बोलली."

"भगताचा नातू ना तू!" मितेश म्हणाला.

"म्हणून तर! आमच्या घरात सगळी माहिती असते!"

पण मितेश केव्हाच गाळ्याच्या कडेला गेला होता. तिथे लाकडी फळ्यांची चवड होती आणि वर जाळीची खिडकी. मितेश चढला, मागून उन्नती, आणि खाली एकटं राहण्यापेक्षा वर बरं म्हणून भाविकही. आकाशात थोडा उजेड होता, पण गाळ्यात मिट्ट काळोख. तिघांनी जाळीला डोळे लावले.

आधी काहीच दिसेना. मग डोळे सरावले.

समोर, अधांतरी, एक चेहरा होता! फिकट हिरवा. उघडे डोळे थेट खिडकीकडे लागलेले. शेजारी उंच धरलेला, उजळलेला कंदील.

चेहरा हलत नव्हता, पापणी लवत नव्हती. तो नुसता बघत होता, खूप वेळ कुणी आलंच नाही अशा माणसासारखा. उन्नतीला वाटलं, आपण हिला ओळखतो. स्वप्नात जाग येण्याआधी दिसणार होती ती हीच!

"कं... कंदील!" भाविक पुटपुटला आणि त्याचा पाय सटकला. मग काय, फळ्या, पोरं, चपला सगळं धडाधड खाली! तिघं जे धावत सुटले ते गावदेवीच्या देवळापाशीच थांबले.

"ती जळवंती होती," मितेश धापा टाकत म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आक्का खरं बोलल्या. ती अंक न्यायला आली आणि तिथेच राहिली!"

जेवणं झाल्यावर उन्नतीच्या आईने खोलीतला दिवा मालवला. उन्नतीने चादर डोक्यापर्यंत ओढून घेतली होती. शेवटी उकडायला लागलं म्हणून तिने डोकं बाहेर काढलं, आणि छताकडे बघून ती ताडकन उठून बसली. छतावर तिने लावलेल्या चांदण्या चमकत होत्या. रेडियमच्या चांदण्या, फिकट हिरव्या!

सकाळी तिने दोघांना गाठलं. "ऐका! रेडियमचा रंग दिवसभर उजेड पितो आणि अंधारात सोडतो. त्या गाळ्याच्या छपराला पांढरे फायबरचे पत्रे आहेत, मी पाहिलेत. दिवसभर ऊन आत येतं. ती गंमत केली म्हणाली ना दिपालीताई? चेहरा रेडियमच्या रंगात छापलाय!"

"म्हणजे भूत नाही?" भाविकने विचारलं.

"म्हणजे अंक आत आहेत!" मितेशने उडीच मारली.

गोदामाचे सुपरवायझर चांगदेव साहेब पंख्याखाली चहा घेत बसले होते. त्यांनी नेहमीप्रमाणे मान वर केली नाही. "कसला माल? आलाच न्हाय. चला, फुटा!"

"मग शेवटच्या गाळ्यात काय आहे?"

"त्या गाल्याचं नाव काढू नका!" कपातला चहा बशीत सांडला.

उन्नती शांतपणे कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटापाशी गेली. छतावरून काढून खिशात आणलेल्या चांदणीवर तिने मोबाईलचा टॉर्च धरला आणि ती आत ठेवून दार लोटलं. "काका, तुमच्या कपाटातसुद्धा काहीतरी चमकतंय हो!"

"कुठं?" चांगदेवांनी फटीतून आत डोळा घातला. दुसऱ्या क्षणी ते खुर्चीवर उभे होते! "आयली! हितं पण आयली! गावदेवी माते, वाचव!"

उन्नतीने दार उघडून चांदणी त्यांच्या हातात ठेवली. चांगदेवांनी ती उलटीपालटी करून पाहिली. मुठीत झाकून पाहिली. मग ते सावकाश खाली उतरले आणि कपाळावरचा घाम पुसला.

"त्या दिवशी गाडी खाली झाली न हे सगलं घडलं. नोंद राहिली ती राहिलीच," ते पडक्या आवाजात म्हणाले. "मग मालकांना काय सांगू? भूत आयलं म्हनू? म्हनून सांगत गेलो, माल आलाच न्हाय."

"आणि तिकडे दिपालीताई पेटी भरून बसलीय!" मितेश उसळला. "आता तरी उघडा!"

"मी न्हाय हात लावनार! भगताचा बांध हाय. ज्यानं घातला त्यानंच सोडवायचा."

"भगत म्हणजे लडकू भगत ना?" भाविक पहिल्यांदाच पुढे झाला. "ते माझे आजोबा आहेत. आत्ता आणतो!"

लडकू भगत ओट्यावर बसून जाळं विणत होते. नातवाचं सगळं ऐकून त्यांनी सुई खाली ठेवली.

"अजून बांध सोडला न्हाय? अरे, तो एका रातीचा बांध हाय! सकाली मना बोलवायचा, नारल फोडायचा, परसाद वाटायचा न शटर उघडायचा. मी आंघोल करून वाट बघत बसलो. चांगद्या आलाच न्हाय! मना वाटलं, दुसरा भगत बघितला असंल." ते उठले आणि खांद्यावर पंचा टाकला. "चल. एवढे दिवस कुनाला कोंडून ठेवायचं नसतं. भूत असलं तरी."

दिपालीताईला फोन गेला. ती येईपर्यंत शटरपुढे हमाल आणि काशीमावशी जमले होते, पण चार हात लांबच. भगतांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, गाठ सोडली आणि नारळ दगडावर आपटला. असा घाणेरडा वास सुटला की सगळे नाक धरून मागे पळाले!

"हा परसाद चांगदेव सायबांनाच द्या!" काशीमावशी ओरडली. हशा पिकला. हशानेच लोकांची भीती निम्मी पळवली.

शटर करकरत वर गेलं. आत खोक्यांची रास होती, आणि राशीवर टेकवलेला माणसाएवढा पुठ्ठा. गुंडाळलेला कागद वरून फाटून खाली लोंबत होता. दुकानांपुढे उभं करायचं जळवंतीचं चित्र होतं ते. दिवसाच्या उजेडात ते नुसतंच फिकट दिसत होतं.

"शटर खाली घ्या," दिपालीताई म्हणाली. "मी तिला अंधारात कधी पाहिलंच नाही. ती छापखान्यातून परस्पर इकडे आली."

शटर खाली आलं. झिरपणारा उजेड अडवायला हमालांनी छपरावर ताडपत्री ओढली. काळोखात तो चेहरा हळूहळू उमलला. आता जवळून सगळ्यांना नीट दिसला. ती एक साधी मुलगी होती, उन्नतीच्याच वयाची. पुढचा एक दात जरासा वाकडा. कंदील उंच धरून ती कुणाची तरी वाट बघत होती. भिववायचा तिचा विचारच नव्हता.

भाविक पळाला नाही. त्याने आजोबांचा हात मात्र घट्ट धरला. उन्नतीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि अंधार असल्यामुळे तिने ते पुसलं नाही. दिपालीताई तर उघड उघड रडत होती.

शटर पुन्हा वर गेलं तेव्हा चांगदेव साहेब हात जोडून उभे होते. "ताई, चूक झाली. मालकांना मी सवताच सगलं सांगतो. पहिली गाडी आजच काढतो. न एक अंक... मना पन ठेवा."

"शाबास रं पोरांनो!" लडकू भगतांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "मी जनमभर लोकांच्या मानेवरची भुतं उतरवली. आज तुमी एक माझ्यासमोर उतरवलंत. न हा आमचा भाविक खिडकीवर चढला म्हनं! घरान जाऊन सगल्यांना सांगनार मी!"

भाविक फुगून दुप्पट झाला. आपण खिडकीवरून पडलो हे त्याने सांगितलं नाही.

मितेश मात्र कोऱ्या करकरीत अंकाचं पान उलटायचं सोडून दिपालीताईपुढे चुळबुळत उभा होता. "ताई, सोमवारी ऑफिसला जाणार?"

"नोकरी तर करावीच लागेल रे." तिने डोळे पुसले. "पण पेटी माळ्यावर नाही टाकणार. रात्री बसेन. फक्त सहाव्या अंकाला वेळ लागेल हं. खूप वेळ लागेल."

मितेशने उन्नतीकडे पाहिलं. उन्नतीने मान डोलावली.

"लागू दे, ताई! कितीही लागू दे. आम्ही थांबतो," मितेश म्हणाला. "पण गोदाम मात्र आम्ही निवडणार!"