राडारोडा

आईच्या रक्ताच्या थेंबाने यंत्रावर लाल दिवा लागला तशी डॉ. मृणाल खासनीस तिच्यावर खेकसली, "बघितलंस? शनिवारची फुगडी बंद!"

"अगं, दिवा लागलाय, आग नाही लागली," कुमुदताई म्हणाल्या. सत्तरी उलटली तरी सोसायटीच्या फुगडीच्या चमूत या बाईंचाच धाक.

यंत्र मृणालनेच बनवलेलं. तिची मावशी खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही. तेव्हापासून मृणालने हाडांचा ध्यास घेतला होता. आता आईचीही तीच गत होणार, या भीतीने तिची झोप उडाली होती.

तिचा सहकारी डॉ. इम्तियाज मुलाणी कुमुदताईंना समजावू लागला. "काकू, हाड म्हणजे दगड नव्हे. शरीर ते रोज थोडं पाडतं आणि तिथे नवं बांधतं. पाडकामाचा राडारोडा रक्तात येतो, प्रथिनांचे बारीक तुकडे. हे यंत्र ते मोजतं. राडारोडा जास्त, तर हाड मोडायची भीती जास्त."

"आणि माझ्या गोळीने पाडकामच थांबतं," मृणाल म्हणाली. अस्थिरक्षक नावाची ती गोळी चाचणीतल्या रुग्णांबरोबर ती स्वतःही कित्येक वर्षं घेत होती. तिने ऐटीत आपलं बोट टोचलं. हिरवा दिवा. राडारोडा शून्य!

इम्तियाजच्या कपाळावर आठी पडली. "साफ शून्य? अगं, पाडल्याशिवाय नवं बांधणार कुठे?"

"पाडलंच नाही तर बांधायचं कशाला?" मृणाल ठणकणारी मांडी चोळत म्हणाली. ही मांडी महिनाभर दुखत होती. तिने खापर फोडलं ते प्रयोगशाळेत तासन्‌तास उभं राहण्यावर. स्वतःच्या यंत्राविरुद्ध एक शब्दही ऐकून घेईल तर ती शास्त्रज्ञ कसली!

शनिवारी कुमुदताई अर्थातच हॉलमध्ये हजर. मागोमाग मृणालही तणतणत आली. "आई, चल घरी!"

"चलते. एक फुगडी तुझ्याबरोबर, मग चलते."

बायकांनी गलका केला. मृणालने नाइलाजाने हात धरले, पण पाय जुळले आणि तिला हसू फुटलं. किती वर्षांनी! तेवढ्यात सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. दोघी कोसळल्या. कुमुदताई दाणकन आपटल्या आणि कंबर चोळत उठल्याही. मृणालला उठता येईना. मांडीचं हाड आडवं मोडलं होतं, तेही पडण्याआधीच.

"पाडकाम बंद, म्हणजे दुरुस्तीही बंद," शस्त्रक्रियेनंतर ती इम्तियाजला म्हणाली. "रोजच्या चालण्याने पडलेल्या बारीक चिरा तशाच साठत गेल्या. मी शून्याला चांगली तब्येत समजले रे!"

"आणि काकूंचं बांधकामही तितक्याच जोरात चालू होतं. ते आपण मोजलंच नाही."

"आता मोजू. आजपासून ती गोळी सगळ्यांची बंद कर."

गोळी थांबली, तरी हाड जुळायचं नाव घेईना. मृणाल पुन्हा चालेल की नाही, हे कुणी छातीठोकपणे सांगेना. महिने गेले. एके सकाळी इम्तियाज यंत्र घेऊन तिच्या खाटेशी आला. रक्ताचा थेंब पडला आणि लाल दिवा लागला.

कुमुदताई पुढे झुकल्या. "अगं बाई, लाल!"

मृणालने आईचा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"लाल आहे आई, लाल! पेढे आण!"